आजीमार्फत

माझे आजोबा आणि माझे वडील एकमेकांशी बोलत नसत. घर तीन खोल्यांचं, पुढे ओटा, ओट्यासमोर कांद्याचं शेत आणि शेतापलीकडे लांब एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी. आजोबा शेत करायचे, वडील त्या धुराड्यांखाली शिफ्टची नोकरी करायचे. दोघं एकाच चुलीवरचं जेवायचे, एकाच रांजणातलं पाणी प्यायचे, पण एकमेकांना सांगायचं ते सगळं आजीमार्फत.

भांडण मिशीवरून झालं होतं. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, मी गंमत करते. म्हणून नीट सांगते. आमच्याकडे आईबाप जिवंत असेपर्यंत मुलानं मिशी काढायची नसते. दोघांतलं कुणी गेल्यावरच काढायची. वडिलांना नवी नोकरी लागली, हातात पगार आला, आणि एका सुट्टीच्या दिवशी ते नाशकात सिनेमा बघायला गेले. परत आले ते मिशी काढून. तेव्हा मी अगदी लहान होते, पण आईनं हा प्रसंग इतक्या वेळा सांगितलाय की मला तो बघितल्यासारखा वाटतो.

आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "कोण मेलं?"

"कुणी नाय," वडील म्हणाले.

"मग मी मेलो का?"

"मिशी काढली म्हणून कुणी मरतं का?"

आजोबांनी मान वळवली. आजी दारात सुपात गहू घेऊन उभी होती. तिला म्हणाले, "सांग ह्याला. मिशी उगवल्याबिगर माझ्याशी बोलायचं नाय."

वडील पण तिच्याकडेच वळले. "सांग त्यांना, मिशी माझी हाय."

आजीनं सूप खाली ठेवलं. हे दोन निरोप पोचवायची गरज नव्हती, दोघंही हाताच्या अंतरावर होते. तरी तिनं आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे बघून दोन्ही निरोप जसेच्या तसे सांगितले, आणि गहू पाखडायला बसली. तेव्हापासून ती त्या कामावर रुजू झाली, असं आई म्हणायची.

वडिलांना पुढे आठवड्याभरातच मिशीशिवाय कसंतरी वाटायला लागलं असावं, असा माझा अंदाज आहे. पण 'उगव' म्हणून हुकूम झाल्यावर ती उगवणं म्हणजे हार. त्यामुळे ते रोज सकाळी, अंगात ताप असला तरी, अंगणात आरसा टांगून ओठावरून वस्तरा फिरवायचे, आणि आरशात कमी, ओट्याकडे जास्त बघायचे. ओट्यावर आजोबा पाठ करून बसलेले असायचे.

गावातल्या बायका आजीला सोशिक म्हणायच्या. नवऱ्याचं ऐकते, मुलाचं ऐकते, नातवंडांचं करते, तोंडातून शब्द नाही, अगदी गरीब गाय. आजोबांचे गुडघे ती रोज तेल लावून चोळायची. वडिलांच्या डब्यात भाकरीच्या घडीत ठेचा असायचा, आणि ठेच्याखाली मऊ गुळाचा खडा, कारण लहानपणी त्यांना तो आवडायचा. मला न्हाऊ घालायची तेव्हा डोळ्यांत शिकेकाई जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा हात धरायची. हे सगळं खरं आहे. पण गरीब गाय हा शब्द ऐकला की मला अजून हसू येतं.

कारण दोघं समोरासमोर असले तरच आजी निरोप जसाच्या तसा द्यायची. एक शेतात आणि दुसरा घरात, किंवा एक शिफ्टला, असं असलं की तो निरोप तिच्याकडे लोणच्यासारखा मुरायचा.

मला हे कळलं तेव्हा मी आठवीत असेन. कालव्याच्या पाण्याची पाळी होती. आजोबा शेतातून ओरडले, "सांग त्या साहेबाला, बाप इथं चिखलात मरतोय, तंगड्या वर करून झोपू नको!" मी आजीच्या मागे मागे घरात गेले. वडील शिफ्ट करून नुकतेच आडवे झाले होते. आजी त्यांच्या उशाशी बसली. "ते म्हणतात, पोरगं दमून आलंय. झोपू दे त्याला. मी एकटा करीन पाण्याचं."

वडील उठून बसले. "असं म्हणाले?"

"हां. कंबर धरून उभे होते."

वडील पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडत म्हणाले, "सांग त्यांना, मी काय सालगडी नाय कुणाचा. पण येतो."

आजी परत बांधावर गेली. आजोबांना म्हणाली, "उठलाच होता तो. म्हणाला, त्यांना म्हणावं सावलीला बसा."

आजोबांनी फावडं टाकलं नाही, पण जरा वेळानं ते खरंच बाभळीखाली जाऊन बसले. मी आजीकडे बघत होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदराचं टोक दातात धरलं. एवढंच.

गोडानं काम होत नसेल तिथं तिची दुसरी युक्ती होती. आमच्या घरच्या बायका तोपर्यंत अंगणात बाजेला लुगडं बांधून आडोशाला अंघोळ करायच्या. आजीला भिंतींची न्हाणी हवी होती. आजोबा म्हणायचे, कशाला? वडील म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. मग आजीनं आजोबांना सांगितलं, "पोरगा म्हणतो, म्हाताऱ्याला कुठली न्हाणी बांधता येतीय." आणि वडिलांना सांगितलं, "ते म्हणतात, मी असेपर्यंत ह्या अंगणात वीट पडू देणार नाय." दिवाळीच्या आत न्हाणी झाली. आजोबांनी विटा आणल्या, वडिलांनी सिमेंट आणलं, आणि दोघांनी वेगवेगळ्या वेळी येऊन भिंती चढवल्या. त्यामुळे एक भिंत जराशी तिरकी आहे. ती कुणाची, याबद्दल पुढे कित्येक निरोप झाले.

वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना आजी काय मागते, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "हेच मागते गं, सगळ्या बायका मागतात तेच. सात जन्म हाच नवरा दे. फक्त पुढच्या जन्मी पोराला मिशीसकट जन्माला घाल."

हे सगळं सांगितलं, कारण आता माझी गोष्ट येते, आणि ती ह्याशिवाय समजणार नाही.

मी दहावी पास झाले. आमच्या घरात दहावीपर्यंत कुणीच गेलेलं नव्हतं, त्यामुळे पास झाल्यावर पुढे काय करायचं असतं हेही कुणाला माहीत नव्हतं. बाईंनी शाळेत सांगितलं, नाशिकरोडला कॉलेज आहे, एस.टी. जाते, नाव घाल. मी घरी येऊन हे हळूच सांगितलं. बहुतेक फारच हळू सांगितलं.

आजोबा म्हणाले, "दहावी झाली ना? लय झालं. पोरीच्या जातीला अजून काय पाहिजे?"

संध्याकाळी वडील म्हणाले, "रोज एस.टी.नं जाणार? एकटी? नको, नको."

म्हणजे दोघांचं प्रथमच एकमत झालं होतं, आणि ते नेमकं माझ्याच बाबतीत.  मला बोलता यायचं नाही. अजूनही वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की माझा घसा कोरडा होतो. ती सुट्टी मी स्वयंपाकघरात भांडी जास्तीच घासत काढली. कॉलेज नाही म्हणजे पुढे काय, ते मला दिसत होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी पाहुणे येऊनही गेले होते.

एका दुपारी आजी मला कांद्याच्या चाळीत घेऊन गेली. चाळ म्हणजे उन्हाळी कांदा साठवायची कुडाची लांब खोली. पाऊस लागायच्या आधी त्यातले सडके कांदे निवडून काढावे लागतात, नाहीतर एकामागून एक सगळे नासतात. आम्ही दोघी समोरासमोर बसलो.

"तुला जायचंय का तिकडं?" आजीनं विचारलं.

"म्हणजे... जमलं तर."

"जमलं तर नको सांगू. मी काय मास्तरीण हाय का? हो का नाय?"

"हो."

"मोठ्यानं."

"हो!"

"हां. आता हे शेवटचं. प्रवेश होईपर्यंत तोंडातून आवाज काढायचा नाय. कुणी विचारलं तर रडवेलं तोंड करायचं. येतं का तुला?"

रडवेलं तोंड मला करायला लागलंच नाही, ते आधीपासून होतं.

त्याच संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळता चोळता आजी आजोबांना म्हणाली, "मी काय बोलू मेली. पोरगा म्हणतो, माझी पोरगी मी शिकवायची नाय ठरवलंय, म्हाताऱ्यानं मधे पडू नये. त्यांना शाळाकॉलेजातलं काय कळतं?"

आजोबांचा पाय तिच्या हातातून सुटला. "मला कळत नाय? मला? सांग त्याला, पोरगी जाणार! बघतो कोण अडवतो!"

"सांगते की," आजी म्हणाली, आणि दुसरा गुडघा घेतला.

वडिलांना तिनं सकाळी, दाढी करताना गाठलं. "ते म्हणतात, पोरगी चुलीपाशी बसवा. ह्या घरात अजून माझा शब्द चालतो."

"चालतो?" वडिलांनी वस्तरा हवेत धरला. अर्ध्या तोंडाला साबण. "पोरगी माझी हाय! सांग त्यांना, नाव मी घालणार!"

"सांगते की."

तिनं दोघांचेही होकार पोचवलेच नाहीत. ते स्वतःकडे ठेवले. उलट दोन-चार दिवसांनी दोघांना नवे नकार करून दिले, पहिल्यापेक्षा तिखट. मी आतून ऐकायचे. आजी इतकी शांतपणे खोटं बोलायची की ऐकताना मलाच वाटायचं, आजोबा खरंच असं म्हणाले असतील. आई एकदा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आत्याबाईंचा काही नेम नाही गं. तू फक्त मधे बोलू नकोस." आई आजीला आत्याबाई म्हणायची, आणि तिचे निरोप कधीच दुरुस्त करायची नाही.

आजीनं एकच गोष्ट हिशेबात धरली नव्हती. दोघंही इतके पेटले की दोघांनीही नाव घालायला स्वतःच जायचं ठरवलं. तिनं आजोबांना माझ्याबरोबर सकाळच्या एस.टी.नं पाठवलं, आणि वडिलांना सांगितलं की नाव उद्या घालायचंय. पण वडिलांना धीर कुठला? त्यांनी शिफ्ट बदलून घेतली आणि थेट सायकलवरून आले.

मी आणि आजोबा कॉलेजच्या व्हरांड्यात रांगेत उभे होतो. आजोबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला पांढरी टोपी. इतर मुलींकडे आणि त्यांच्या वडिलांकडे ते असे बघत होते की जणू आपण बाजारात बैल पारखायला आलोय. खिडकीपर्यंत दोन-तीन माणसं उरली होती, तेवढ्यात सायकलची घंटी वाजली.

वडील घामाघूम होऊन व्हरांड्यात आले आणि माझ्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. आजी आमच्यात नव्हती. मधे मी होते.

आजोबा समोर बघत म्हणाले, "सांग तुझ्या बापाला. अडवायला आला असशील तर आल्या पावली परत जा म्हणावं."

माझा घसा कोरडा झाला. मी वडिलांकडे वळले, पण ते आधीच म्हणाले, "विचार त्यांना. पोरीला चुलीपाशी बसवा म्हणणारा माणूस कॉलेजात काय करतोय?"

"मी?" आजोबा म्हणाले. "मी म्हणालो?"

"नायतर कोण?"

"तूच नको म्हणालास!"

"मी कधी म्हणालो? तुम्ही म्हणालात, ह्या घरात माझा शब्द चालतो!"

आजोबांचं तोंड उघडं राहिलं. मग वडिलांचं. एकमेकांशी सरळ बोललो, हे दोघांनाही एकदमच कळलं असावं, कारण दोघंही एकदमच माझ्याकडे वळले. मी रडवेलं तोंड केलं. त्याखेरीज मला काही येतच नव्हतं.

"म्हातारी," आजोबा हळूच म्हणाले.

"आई," वडील म्हणाले.

मला कळून चुकलं की आता संपलं. दोघांनाही फसवल्याचं कळलं होतं. आता दोघांनी फक्त मूळचं आठवायचं होतं. मूळचं म्हणजे दोघांनीही नाहीच म्हटलेलं होतं. कुणीतरी एकानं म्हणायचं की मला तरी कुठं पाठवायची होती, दुसरा म्हणाला असता, मला तरी कुठं, आणि आम्ही तिघं पुढच्या एस.टी.नं घरी.

खिडकीतले कारकून म्हणाले, "पुढे या. पालक कोण? सही कोण करणार?"

 मी आजोबांकडे बघितलं. ते वडिलांकडे बघत होते, बहुतेक वाट बघत होते, की हा काय म्हणतोय. वडीलही त्यांच्याकडे तसेच बघत होते. आता जो नाही म्हणेल, त्याच्या समोर दुसरा कायमचा मोठा होणार होता.

"मी कशाला नको म्हणीन?" आजोबा शेवटी म्हणाले. "मी तर पहिल्यापासून म्हणतोय, पोरगी हुशार हाय."

"मी पण पहिल्यापासून," वडील घाईनं म्हणाले, आणि खिशातलं पेन काढलं.

दोघंही धडधडीत खोटं बोलत होते. मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं आणि रडूही.

वडील सही करत असताना आजोबा खिडकीतून आत वाकले. कारकुनांना चांगली भरघोस मिशी होती. आजोबांनी ती नीट निरखली आणि मला म्हणाले, "सांग तुझ्या बापाला. बघ म्हणावं, कॉलेजातल्या साहेबाला पण मिशी हाय."

कारकुनांनी दचकून आपली मिशी चाचपली. वडिलांचं पेन थांबलं. मला वाटलं, आता सही अर्धीच राहते. पण त्यांनी ती पूर्ण केली आणि मला म्हणाले, "सांग त्यांना, साहेबांचे वडील हायेत का गेले, ते विचारलंय का?"

मी दोघांनाही काही सांगितलं नाही. पावती घेतली आणि छातीशी धरली.

घरी येईपर्यंत दोघांचा आजीवर राग पेटला होता. वडिलांनी एस.टी.च्या थांब्यावर आमची वाट बघितली, सायकल हातात धरून आमच्याबरोबर चालत आले. आजी चाळीच्या दारात कांदे निवडत होती. पावती माझ्या हातात दिसली आणि दोघं एका बाजूला उभे दिसले, तेव्हा तिला सगळं समजलं. तिनं पदर सारखा केला.

आजोबा मला म्हणाले, "सांग तुझ्या आजीला. आज आम्ही जेवणार नाय."

"हां," वडील म्हणाले. "सांग तिला."

आजी पण मलाच म्हणाली, "विचार त्यांना. दोघं मिळून जेवणार नाय, का वेगवेगळं जेवणार नाय? आणि हे पण सांग, लापशी झालीये. तूप घातलंय."

म्हणजे सकाळी आम्ही निघालो तेव्हाच तिनं गहू दळायला घेतला असणार.

दोघं जेवले. एकमेकांकडे पाठ करून, पण दोघांनीही दुसऱ्यांदा लापशी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी अंगणात आरसा टांगला, आजोबा ओट्यावर पाठ करून बसले, आणि तिथून आत आजीला हाक गेली, "सांग त्याला, सायकल बैलाच्या वाटेत लावू नको."

मला ते फार वाईट वाटलं. एवढं होऊनही परत तेच? मी आजीला म्हटलं, "तू त्या दोघांचा समेट का नाही करून देत? तुला एका दिवसात जमेल."

आजी कांद्याची पात निवडत होती. "समेट झाला की काय करतील?"

"बोलतील."

"बोलतील आणि भांडतील. मग चुली वेगळ्या." तिनं आवाज खाली आणला. "आणि आपल्या गल्लीत बघ. कुणाचा नवरा बायकोशी दिवसातून एवढ्यांदा बोलतो? कुणाचा लेक लग्नानंतर आईला एवढ्या हाका मारतो? मला दिवसभर बसायला फुरसत नाय." आणि पदर दातात धरून हसली.

हे उत्तर मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिते आहे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना आजी गेली. फार आजारी नव्हती, कांदे भरून झाले आणि पडली ती उठलीच नाही. दहाव्याला गोदावरीच्या काठी वडिलांचं डोकं भादरलं. न्हाव्यानं वस्तरा ओठाकडे नेला आणि थांबला, कारण तिथं काढण्यासारखं काही नव्हतं. आजोबा पायरीवर बसले होते. म्हणाले, "त्याचं झालंय आधीच." कुणी हसलं नाही. आजी असती तर तिनं पदर दातात धरला असता.

त्यानंतर बरेच दिवस घरात कुणी कुणाला काही सांगितलंच नाही. आजोबा ओट्यावरून सवयीनं "सांग त्याला..." म्हणायचे आणि चुलीकडे बघून गप्प व्हायचे.

मग सुतक संपलं तरी वडिलांनी आरसा टांगला नाही. डोक्यावर केस आले, तशी ओठावर मिशी आली. करडी, विस्कटलेली.  आजोबा आता पाठ करून बसत नव्हते. वडील अंगणातून गेले की मान वळवून वळवून बघायचे.

परवा मी अभ्यास करत होते. आजोबांनी मला हाक मारली. "तुझ्या बापाला सांग, डावीकडची लय पसरलीये. झाडूसारखी दिसते म्हणावं."

मी आत गेले. वडील डबा भरत होते.

"काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

माझा घसा कोरडा झाला नाही. "म्हणतात, शोभते."

वडिलांनी डबा खाली ठेवला. "असं म्हणाले?"

"हो. चांगली शोभते म्हणाले."

त्यांनी खिळ्यावरचा आरसा काढला, पुसला, आणि डावीकडून, उजवीकडून बघितलं. मी ओट्यावर परत आले.

"सांगितलंस?" आजोबा म्हणाले.

"सांगितलं."

"मग? काय म्हणतो?"

"म्हणतात, बरोबर आहे तुमचं."